भिंत पाडल्यावर दिसलेलं तळं

बाई, तुम्हाला लिहायचं कधीचं डोक्यात होतं, पण मला लिहिण्याचा मनस्वी कंटाळा. शाळा सातवीपर्यंत, त्यातली निम्मी द्राक्षाच्या बागेत काढलेली. हात सुईला बसलेला, पेनाला नाही. आज घरात कोणी नाही, सून नातीला घेऊन माहेरी गेलीय, आणि मला रिकामं बसता येत नाही. म्हटलं लिहून टाकू एकदाचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता रडारड व्हायची नाही. मला ती जमत नाही आणि तुम्हालाही आवडायची नाही. मी एक तळं शिवलं आणि तुमचे डोळे होते तोवर ते तुम्हाला दिसायला हवं होतं, एवढीच गोष्ट आहे. सरळ सांगते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या सातपूरच्या घरी आलात त्या साडीला फॉल लावून घ्यायला. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे स्वयंपाकघर, संपलं घर. तुम्ही मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवता एवढं मला ऐकून माहीत होतं. साडी देऊन जाल असं वाटलं, तर तुम्ही दारातच उभ्या. दोरीवर दोन गोधड्या वाळत होत्या. एक तुकड्यांची, सासूबाईंनी शिकवली तशी, घरात पांघरायची. दुसरी माझ्या कौतुकाची. तिच्यावर मी कॅलेंडरवरचा मोर उतरवून घेऊन शिवलेला, पिसाऱ्याला टिकल्या लावलेल्या. येणारी प्रत्येक बाई मोर बघून थांबायची. तुम्ही त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. तुकड्यांच्या गोधडीपाशी गेलात आणि विचारलंत, या जांभळ्याच्या शेजारी हा पिवळा का लावला. मी म्हटलं, हाताला लागला म्हणून. तुम्ही म्हणालात, "खोटं बोलू नकोस. पिशवीत ढीगभर तुकडे असतील. हाच का उचललास?" पहिल्याच भेटीत गिऱ्हाईक मला खोटारडी म्हणतंय. मला राग आला. जाता जाता वर आणखी, की तो मोर दुकानात मिळतो, तो तू कशाला केलास. तुम्ही गेल्यावर मी भाकऱ्या थापायला बसले आणि त्या पिवळ्याचाच विचार करत राहिले. का उचलला ते मला पक्कं माहीत होतं. जांभळा एकटा मेल्यासारखा दिसत होता, पिवळा शेजारी ठेवला की जागा व्हायचा. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

साडी द्यायला मी स्वतः पंचवटीत आले. तुमची गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. लाकडी जिना, वर दोन खोल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर कळेना की हे स्वयंपाकघर आहे की रंगाचं दुकान. चमच्यांच्या पेल्यात ब्रश उभे. तुम्ही पोहे दिलेत, त्यांना टर्पेंटाइनचा वास. मी तोंडावर सांगितलं की हे खाण्यासारखे नाहीत. तुम्ही हसलात आणि म्हणालात, मग तू करत जा. तिथून आपलं सुरू झालं. रविवारी मी यायचे, पोळीभाजी करायचे, तुम्ही ओट्याला टेकून उभं राहून शिकवायचात. शिकवायचात म्हणजे काय, छळायचात. एकदा पांढऱ्या ताटलीत लिंबू ठेवलंत खिडकीत आणि विचारलंत, सावलीचा रंग कोणता. मी म्हटलं काळा. नीट बघ. करडा. नीट बघ. माझी कणीक वाळत चाललेली आणि ही बाई मला लिंबाची सावली विचारतेय. मी चिडून म्हटलं, निळसर आहे, मधे लिंबाचा पिवळा सांडलाय, झालं समाधान? तुम्ही म्हणालात, आता कणीक मळ. मी ती कणीक मळते आहे आणि परातीच्या खाली, ओट्यावर, माझ्या स्वतःच्या हाताखाली, सगळीकडे निळं-जांभळं दिसतंय. घरी गेले तरी जाईना. आमच्या यांना वाटलं डोळे तपासायला हवेत.

मग ते पुस्तक. तुमच्या भावाने परदेशातून आणलेलं, जाडजूड, हात धुतल्याशिवाय तुम्ही त्याला शिवू द्यायचा नाहीत. फ्रान्सचे चित्रकार, शंभरएक वर्षांपूर्वीचे. तुम्ही त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणायचात, मी आजही इम्प्रेशनवाले म्हणते. पानं उलटली, मला आवडलं नाही आणि मी तसं सांगितलं. सगळं पुसट, कशाला कडा नाही, माणसांना नाकडोळे नाहीत, ओल्या चित्रावरून कोणी बाही फिरवावी तसं. मग तळ्याचं पान आलं. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने आपल्या घरामागचं तळं काढलेलं, आणि तुम्ही सांगितलंत की तो म्हातारपणी वर्षानुवर्षं तेच तळं काढत बसला होता. जवळून बघितलं तर नुसते फटकारे. हिरवा, जांभळा, गुलाबी, कोणाचा कोणाशी संबंध नाही. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून घेतलंत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात आणि खिडकीशी उभं धरलंत. पाणी हललं, बाई. पोळी तव्यावर करपली. तुम्ही म्हणालात, त्याने रंग कालवले नाहीत, शेजारी शेजारी ठेवले, कालवायचं काम आपला डोळा करतो. मी म्हटलं, मग ही गोधडीच झाली की. तुम्ही ब्लेड आणलंत, आणि ते पान पुस्तकातून कापून काढलंत. वहीचं पान फाडलं तर पोरींना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या बाई तुम्ही. मी नको नको म्हणतेय तोवर पान माझ्या पिशवीत. "कपाटात राहून काय करणार आहे ते. तू कर काहीतरी." मला आयुष्यात सोनंनाणं मिळालं ते सासरमाहेरच्या रिवाजाचं. मी मागितलं नाही, रिवाज नाही, तरी दिलं, असं ते एकच.

तळं करायचं ठरलं तर तुम्ही विचारलंत, पाण्याचा रंग कोणता. मी एव्हाना शहाणी झालेली, म्हटलं निळा नाही एवढं नक्की. मग कोणता? म्हटलं गोदावरी रोज बघते, सांगेन आठवून. "तू पूल ओलांडतेस. बघत नाहीस." म्हणून मी एक दिवस डबा घेऊन बसने गंगापूर धरणावर गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. सकाळी पाणी ताकासारखं. ऊन वर आलं तसं हिरवं, मग कथलासारखं, ढग आला की शिसपेन्सिलीसारखं. दुपारनंतर तिथला राखणदार जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, मावशी, घरी काही भांडण झालंय का, असं काही मनात आणू नका. त्याला पटेना की मी फक्त बघायला आलेय. शेवटी त्याला विचारलं, पाण्याचा रंग सांग. तोही बघायला लागला. ऊन उतरलं तेव्हा आम्ही दोघं बघतोय, आणि पाण्यावर एक गुलाबी पट्टी आली न् गेली. तो म्हणाला, अठरा वर्षं नोकरी झाली, हे आजच बघतोय. ते मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झालात, पण दाखवलं नाहीत. बटाट्याची साल काढत बसलात.

आता एवढे रंग आणायचे कुठून. दुकानातलं कापड एकसारखं रंगवलेलं, त्यात पाणी कुठे. ते मला पिंपळगावला थोरल्या बहिणीकडे मिळालं. तिच्या मळ्यात द्राक्षं. घडांना उन्हाची झळ लागू नये म्हणून बागेच्या कडेने तारेवर जुन्या साड्या बांधतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं. हंगामभर त्या उन्हात तापतात. वरचा भाग उडून पांढरट होतो, चुणीत राहिलेला तसाच राहतो, आणि मोरचुदाच्या फवाऱ्याने मधे मधे निळसर हिरवे डाग पडतात. मी लहानपणापासून त्या साड्या बघितलेल्या, पण त्या दिवशी बांधावर उभी राहिले आणि सगळी बाग तळ्यात उभी असल्यासारखी दिसली. बहिणीला म्हटलं, हंगाम संपला की या मला दे. ती म्हणाली, "येडी झाली का गं तू? लोकं बहिणीकडं पैठणी मागत्यात, अन् ही चिंध्या मागती. पाखरू बसत नाय त्या साड्यांवर." तिने तरी पोतं भरून दिलं, आणि गावभर सांगितलं की सातपूरच्या बहिणीचं जरा बिघडलंय. साड्यांतल्या निम्म्या धुताना हातात आल्या, ऊन खाऊन विरलेल्या. उरल्या त्यांचे मी बोट-बोटभर तुकडे केले. हिरव्यात जांभळा, जांभळ्यात ताकाचा रंग. तेवढ्या एका वेळी मला कोणाला विचारावं लागलं नाही.

गोधडी अंथरायची आमच्याकडची रीत तुम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितलीत. खाली जुनी साडी, मधे थर, वर ते तुकड्यांचं तळं, आणि मधोमध, थराच्या आत, भाकरीचा तुकडा नि गुळाचा खडा. गोधडीचं पोट. उपाशी गोधडी उब देत नाही असं सासूबाई म्हणायच्या. मी असल्या गोष्टींना फार मानत नाही, पण हात आपोआप जातो. तुम्हाला ते फार आवडलं. काय आवडलं नाही ते कमळ. मी बरोबर पोटावर, मधोमध, एक मोठं गुलाबी साटिनचं कमळ लावलेलं, पाकळ्यांना सोनेरी दोरा. तुम्ही म्हणालात काढ. मी म्हटलं, नुसत्या चिंध्या बघून लोकांना कळायचं कसं की तळं आहे. आणि त्या तुमच्या म्हाताऱ्याच्या तळ्यात फुलं नाहीत का? तुम्ही म्हणालात, आहेत, पण तो ओरडून सांगत नाही. "हा तुझा मोर परत आला." ते मला लागलं. मी म्हटलं, गोधडी माझी आहे. तुम्ही चपला घातल्या आणि गेलात. मग कित्येक रविवार मी पंचवटीत आले नाही. तुम्हीही फॉलला साडी आणली नाहीत. मी काठाकडून आत आत धावदोरा घालत राहिले, आणि कमळाशी पोचायला लागले तशी माझी मला किरकिर व्हायला लागली. पण काढलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

त्यातच कळलं की तुम्हाला काचबिंदू आहे. तुमच्या शेजारणीने भाजीबाजारात सांगितलं. बाजूबाजूचं दिसेनासं झालंय, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, ऑपरेशन झालं तरी गेलेलं परत येत नाही, उरलेलंही जाणार. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी. भांडण राहिलं बाजूला. ठरवलं की गोधडी पुरी करायची आणि तुमच्यासमोर नेऊन टाकायची, कमळासकट, शिव्या देशील तर दे. मी मनात तुम्हाला अगंतुगं करत होते त्या दिवसांत, एवढी रागावलेले. तुमच्यावर नाही, कशावर ते माहीत नाही.

आणि नेमकं तेव्हा घर काढलं. मुलाला बरी नोकरी लागली, लग्न झालं, जागा पुरेना. वर मजला, खाली टाइल्स, पुढची भिंत पाडून खोली रस्त्याकडे वाढवायची. मला कोणी विचारलं नाही असं नाही, विचारलं, पण मी हो म्हटलं तेव्हा मला काय माहीत. मिस्त्री आला आणि माझं मशीन पहिल्या दिवशी मोरीत, दुसऱ्या दिवशी जिन्याखाली, मग ताडपत्रीखाली अंगणात. सगळ्यावर सिमेंटची भुकटी. डाळीत भुकटी, केसांत भुकटी. पांढऱ्या तुकड्याला हात लावावा तर करडा. सुई ठेवायला जागा नाही. मिस्त्री माणूस चांगला, मालेगावकडचा, पण त्याची रोज सकाळी एकच ओळ, मावशी, ही गादी जरा बाजूला घ्या. मी रोज सांगायचे गादी नाही ती. शेवटी मुलगा म्हणाला, आई, थोडे दिवस थांबलीस तर काय बिघडेल. त्याला काय सांगणार. त्याच्या टाइल्स थांबल्या असत्या, बाई. तुमचे डोळे कुठे थांबणार होते. पण घरात कुठे पसरायलाच जागा नव्हती, म्हणून मी गोधडी स्वच्छ चादरीत बांधली, पोत्यात घातली, पोतं सिमेंटच्या थप्पीमागे फळीवर ठेवलं, आणि भिंती कधी उभ्या राहतात याची वाट बघत बसले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पोतं सोडलं तर वर काही नाही. चादर उलगडली तर मधोमध भोक, माझी मूठ जाईल एवढं. उंदीर आजूबाजूचं सगळं सोडून सरळ पोटात शिरला होता. भाकरी खाल्ली, गूळ खाल्ला, आणि वाटेत आलेलं कमळ कुरतडून त्याचा भुसा केला. सोनेरी दोरा तेवढा ठेवलेला. शहरातली बाई असती तर तिने गोधडीत भाकरी घातली नसती. ती घालायची आणि वर घर बांधायच्या सामानात ठेवायची, हे आमच्यासारख्यांनाच सुचतं. मी ओरडले नाही. गोधडी उचलली, झटकली, आणि पुढची भिंत पाडलेली होती तिथे परांचीचे बांबू उभे होते, त्यांच्यावर टांगली. ब्लेड घेतलं. शिवण उसवून तुकडे वेगळे करायचे, होतील तेवढी बाळांची दुपटी करायची, आणि तळं हा विषय संपवायचा. सून जेवायला बोलवून गेली. मी खालच्या काठापासून उसवायला सुरुवात केली.

तर रिक्षा थांबली आणि तुम्ही उतरलात. दुपारचं ऊन. तुम्ही रेतीच्या ढिगाऱ्याला अडखळलात, मिस्त्रीने हात दिला. मला वाटलं सरळ आत याल, पण तुम्ही गल्लीतच थांबलात. मग उलट्या मागे मागे जायला लागलात. गल्ली ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर, गाजरगवतात, पार पलीकडच्या कुंपणाशी. मी ब्लेड घेऊन बघतेय. माझी पुढची खोली दहा बाय दहाची. त्या खोलीत मी ती गोधडी मांडीवर घेऊन एवढा काळ शिवली, हातभर अंतरावरून. तुम्ही सारखं म्हणायचात लांबून बघ, आणि मी म्हणायचे लांब आणू कुठून. भिंत पडली तेव्हा लांब झालं. तुम्ही हात केलात, इकडे ये. मी आले. तुम्ही बोटांची नळी करून एका डोळ्याला लावलीत आणि म्हणालात, अख्खं मावतंय. मीही बघितलं. बांबूंच्या मधे, रेती-खडीच्या वर, धरण होतं, बाई. सकाळचं पाणी, ढगाचं पाणी, खालच्या कोपऱ्यात ती गुलाबी पट्टी. आमच्या मागून ऊन येत होतं आणि वाऱ्याने ते हलत होतं. मी केलेलं मीच पहिल्यांदा बघत होते. मग मी म्हटलं, उंदराने मधे भोक पाडलंय. तुम्ही म्हणालात, "बरं केलं त्याने. माझं ऐकलं नाहीस, त्याचं तरी ऐक." आणि तुम्ही हसायला लागलात, पोट धरून, मग मीही. मिस्त्री लांबून बघत होता. त्याने दुसऱ्या दिवसापासून गादी म्हणायचं सोडलं.

भोकात मी पाणी भरलं. पिंपळगावच्या साड्यांचे उरलेले तुकडे. आत भाकरीचा नवा तुकडाही घातला, कोणी काही म्हणो. कमळ नाही. भिंती उभ्या राहिल्या, टाइल्स बसल्या, मुलाने वर मला खोली दिली, खिडकीसकट. गोधडी पुरी होऊन तुमच्याकडे आणली तेव्हा तुम्हाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तुम्ही ती मांडीवर घेऊन हात फिरवत बसलात आणि बोटांनी दाखवलंत, इथे टाके घाईत घातलेस. खरं होतं. तुमच्या जुन्या विद्यार्थिनीने ती प्रदर्शनात लावली. सुनेने माझं कार्ड छापून आणलं, त्यावर फायबर आर्टिस्ट. मी म्हटलं गोधडीवाली लिही. लोक आले, लांब उभे राहिले, कोणी विचारलं नाही की हे काय आहे. त्यानंतर मी विंचूरच्या बाजारातले कांद्याचे ढीग केले, एकच ढीग सकाळचा, दुपारचा, सांजेचा. कांदा दुपारी तांब्याचा होतो आणि सांजेला वांग्याचा, हे तुम्ही नसतात तर मला मरेपर्यंत दिसलं नसतं. आजही रोज काहीतरी दिसतं. आत्ता हे लिहितेय त्या कागदावर माझ्या हाताची सावली हिरवट आहे. तुम्ही मला हे करून ठेवलंत. आभार वगैरे मानलेले तुम्हाला चालायचे नाहीत, मला तरी कुठे चालतात, पण कोणीतरी कधीतरी म्हणायला हवं, तर म्हणते. आभारी आहे.

हे मी कुठे पाठवणार नाही. सुनेच्या हाती लागलं तर ती फ्रेम करून गोधडीशेजारी लावेल. पण थांबायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. तुम्ही होतात तेव्हाचीच गोष्ट. एकदा आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो आणि सून सहज म्हणाली की त्या उंदराच्या दिवशी तिनेच कोपऱ्यावरच्या पीसीओवरून तुम्हाला फोन केला होता. आई ब्लेड घेऊन बसल्यात, जेवत नाहीत, उंदराने मधलं कमळच खाल्लंय, तुम्ही या. मी गवार मोडत होते, मोडत राहिले. तोवर मला वाटत होतं की तुम्ही प्लॉटवरून बघितलंत आणि कमळ नाही हे तुम्हाला दिसलं. ते तर तुम्हाला रिक्षात बसायच्या आधीपासून ठाऊक होतं. मग एवढ्या लांबून, त्या उन्हात, त्या डोळ्यांनी तुम्हाला माझं पाणी दिसलं, की मी ब्लेड खाली ठेवावं म्हणून तुम्ही नुसती बोटांची नळी केलीत? त्या रविवारी मी पंचवटीत आले ती हेच विचारायला. मी कोणालाही तोंडावर विचारणारी बाई. पोळ्या केल्या, वरण केलं, तुमच्या हाताशी ताट ठेवलं. तुम्ही जेवलात, मी भांडी घासली. तुम्ही विचारलंत, आज गप्प का गं. मी म्हटलं, काही नाही, दमले. दमले नव्हते, बाई. तुम्ही ‘नाही दिसलं’ म्हणाल याला भ्याले.